पंगतीचा भात : रात्री शिजवून ठेवू नका

नरसी नामदेवहून एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या वस्तीवरील मंडळी यंदा सप्त्याच्या शेवटी, काल्याच्या कीर्तनानंतर महाप्रसाद करणार आहेत. अंदाजे आठशे पाने. वरण, भात, एक भाजी, पुरी आणि बुंदी असा बेत आहे. त्यांनी विचारले आहे, "आचारी म्हणतो, भात रात्री दोन वाजता चुलीवर चढवून पहाटेपर्यंत उतरवून ठेवू, म्हणजे सकाळी भाजी-पुरीला चुली मोकळ्या. घरातल्या सुनेचे म्हणणे पडले की इतका वेळ भात ठेवू नये. आचाऱ्याने वीस वर्षांत शंभर भंडारे केले आहेत. आम्ही कोणाचे ऐकावे?"

सुनेचे ऐकावे. उत्तर एवढेच आहे. पण आचाऱ्यालाही पटले पाहिजे, कारण मांडवात शेवटी त्याचाच शब्द चालतो. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव. कयाधू नदीच्या काठचे हे गाव एरवी लहान, पण एकादशीला आणि विशेषतः आषाढ वद्य एकादशीच्या परतवारीला येथे माणूस मावत नाही. पंढरपूरहून परतलेले वारकरी इथे येतात. लहानग्या नामदेवांनी हट्ट धरून विठ्ठलाला नैवेद्य खाऊ घातला, ही कथा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अशा गावात अन्नदानाला तोटा नाही आणि आलेल्या प्रसादाला नाही म्हणण्याची कोणाची छाती नाही. म्हणूनच जबाबदारी खाणाऱ्यावर टाकता येत नाही, ती शिजवणाऱ्याचीच राहते.

उकळूनही न मरणारा जंतू

सर्वसाधारण समजूत अशी की, एकदा रटरटा उकळले की अन्न निर्जंतुक झाले. बहुतेक जंतूंच्या बाबतीत हे खरे आहे. भाताच्या बाबतीत मात्र नाही. बॅसिलस सेरियस नावाचा एक जंतू मातीत सर्वत्र असतो. तो मातीतून साळीवर आणि साळीवरून तांदळात येतो. तांदूळ महाग असो की स्वस्त, रेशनचा असो की बासमती, थोडाबहुत हा जंतू त्यात असतोच. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती टणक कवच करून बीजाच्या रूपात पडून राहतो. आपल्या काळ्या रानात गवताचे बी उन्हाळाभर भेगांमध्ये पडून राहते, वरून ऊन तापते, नांगर फिरतो, तरी मृगाचा पाऊस पडला की आठ दिवसांत रान हिरवे होते, तसाच हा प्रकार. तांदूळ वीस-पंचवीस मिनिटे उकळला तरी हे बीज मरत नाही. भात निवून कोमट झाला की त्याला पाऊस पडल्यासारखे होते. ओल आहे, पिठूळ खाणे आहे, ऊब आहे, आणि उकळताना बाकीचे जंतू मेल्यामुळे वाटेकरीही कोणी नाही.

साधारण १० ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत हा जंतू वाढतो आणि ३० ते ४० अंशांच्या दरम्यान, म्हणजे ज्याला आपण कोमट म्हणतो त्या उष्णतेत, फार झपाट्याने वाढतो. अनुकूल स्थितीत सुमारे अर्ध्या तासात तो दुप्पट होतो. हिशेब करून पाहा. ग्रॅमभर भातात शंभर जंतू आहेत असे धरले तर पाच तासांत दहा वेळा दुप्पट होऊन ते १,०२,४०० होतात. संख्या लाखाच्या घरात गेली की आजाराची भीती सुरू होते. पत्रातल्या बेताप्रमाणे पहाटे चारला उतरवलेला भात बारा वाजता पहिल्या पंगतीला आणि तीन वाजता शेवटच्या पंगतीला वाढला जाणार, म्हणजे अकरा तास. त्यातले निवण्याचे दोन-तीन तास सोडले तरी उरलेला वेळ पुरेसा आहे.

यातली खरी मेख पुढे आहे. हा जंतू वाढताना भातात एक विष सोडतो, आणि ते विष त्या बीजाहूनही चिवट असते. १२१ अंश उष्णतेत दीड तास ठेवले तरी ते नष्ट होत नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. घरच्या प्रेशर कुकरात साधारण इतकीच उष्णता असते. म्हणून "भात वाढायच्या आधी पुन्हा गरम करून घेऊ" या बोलण्याला अर्थ नाही. गरम केल्याने जंतू मरतील. त्यांनी आधीच सोडलेले विष तसेच राहील. इंग्लंडमध्ये १९७१ च्या सुमारास चिनी उपाहारगृहांत जेवलेल्या लोकांना उलट्या होऊ लागल्या, तेव्हा शोध घेताना हेच आढळले. तिथे भात आधी शिजवून उघड्यावर तसाच ठेवत आणि गिऱ्हाईक आले की तेलावर परतून देत. परतताना कढई लालभडक, पण उपयोग शून्य. आपल्या घरी सकाळी होणारा फोडणीचा भात याच जातीचा. रात्री उरलेला भात वेळेवर फ्रीजमध्ये गेला असेल तर हरकत नाही. ओट्यावर रात्रभर झाकून ठेवलेला असेल तर फोडणी कितीही खमंग असो, खाऊ नये.

अशा भाताला वास येत नाही, तो चिकट होत नाही, चवही बदलत नाही. "आंबला नाही म्हणजे चांगला आहे" ही आपली जुनी परीक्षा इथे लागू पडत नाही.

इथे जाणती माणसे मला हटकून विचारतात, "डॉक्टर, आम्ही लहानपणापासून शिळा भात ताक घालून खात आलो, आम्हाला काही झाले नाही." खरे आहे. त्याला कारणही आहे. आंबट ताकात हा जंतू नीट वाढत नाही, घरचा भात वाटीभर उरलेला असतो, तो लवकर थंड होतो आणि पूर्वी थंडीच्या दिवसांत तो जास्त खाल्ला जाई. घरातल्या वाटीभर भाताचा अनुभव दोन क्विंटलच्या राशीला लावणे बरोबर नाही.

रास हीच अडचण

भंडाऱ्याचा भात कसा ठेवतात ते आपण सर्वांनी पाहिले आहे. सतरंजीवर धुतलेले धोतर अंथरतात, त्यावर एकेक गंज रिकामा करत भाताची रास लावतात आणि वरून ओले फडके व बारदाना टाकतात. भात "गरम राहावा" म्हणून हे करतात. प्रत्यक्षात तो गरमही राहत नाही आणि थंडही होत नाही. वरचा थर तासाभरात कोमट होतो. आतली उष्णता बाहेर पडायला वाट नसल्यामुळे राशीचे पोट तासन्‌तास ऊबदार राहते. एवढी मोठी रास करून आपण त्या जंतूसाठी अंडी उबवण्याची पेटीच तयार करून देतो. त्यात ओल्या फडक्यातून पाणी, बारदान्यातून धूळ आणि भात ओढणाऱ्यांच्या हातांतून आणखी जंतू येतात.

हातांविषयी दोन वाक्ये. ज्याच्या बोटाला पिकलेली जखम आहे, हातावर फोड आहे, किंवा ज्याला उलटी-जुलाब चालू आहेत, त्याने त्या दिवशी स्वयंपाकात किंवा वाढण्यात हात घालू नये. त्याला चपलांच्या राखणीला किंवा पाण्याच्या टाकीवर बसवावे. जखमेतला स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतूही असेच न उकळणारे विष करतो. भात हाताने नव्हे, ओगराळ्याने किंवा ताटलीने वाढावा.

मग आठशे पानांचा भात करायचा कसा?

पुरी, भाजी, बुंदी असताना शंभर पानांना दहा किलो तांदूळ भरपूर होतो. आठशेला ८० किलो. किलोभर तांदळाचा शिजून अडीच ते तीन किलो भात होतो, म्हणजे दोन क्विंटलच्या वर भात. तो एकदम करू नका. दोनशे-दोनशेच्या चार पंगती धरा. एका पंगतीला २० किलो तांदूळ, म्हणजे दहा-दहा किलोचे दोन गंज. अशा चार चुली हव्यात: दोन चुलींवर पहिल्या पंगतीचा भात, दोन चुलींवर दुसऱ्या पंगतीची तयारी. पहिली पंगत बसली की मोकळ्या झालेल्या चुलींवर तिसऱ्या पंगतीचे गंज चढवायचे. एका मोठ्या हंड्यात आधण सतत उकळते ठेवले तर प्रत्येक वेळी पाणी तापायची वाट पाहावी लागत नाही. उकळत्या आधणात तांदूळ वैरल्यावर वीस-पंचवीस मिनिटे आणि मग मंद निखाऱ्यावर पंधरा मिनिटे वाफ, एवढा वेळ धरा. एक पंगत उठून पाने काढून दुसरी बसेपर्यंत पाऊण तास ते तास जातोच. गणित बरोबर बसते.

आचाऱ्याची अडचण चुलींची आहे, भाताची नाही. त्याला रात्री काम हवे असेल तर बुंदी रात्री करावी, भाजी निवडून ठेवावी, तांदूळ कोरडा निवडून दहा-दहा किलोच्या पिशव्या बांधून ठेवाव्यात. पुरीचे पीठ सकाळी. दोन जादा गंज आणि दोन जादा चुली गावात मिळत नाहीत असे होत नाही. मागायला कोणी गेलेले नसते, एवढेच.

तांदूळ रात्रभर भिजत घालू नये. अर्धा तास पुरे. पाणी टँकरचे किंवा विहिरीचे असेल तर आदल्या दिवशीच ग्रामपंचायतीकडून टी.सी.एल. पावडर टाकून घ्यावी आणि आरोग्य कर्मचाऱ्याकडून ओ.टी. तपासणी करून घ्यावी. पिण्याचे पाणीही तेच असते, हे विसरू नये.

आता वेळेचा प्रश्न. काल्याचे कीर्तन बाराला संपणार असे पत्रिकेत छापलेले असते आणि ते दीडला संपते. कधी एखाद्या पुढाऱ्याची गाडी यायची असते म्हणून पंगत अडवून धरतात. माझे स्पष्ट मत आहे की, भात तयार झाल्यावर पंगत कोणासाठीही थांबवू नये. आणि पंगत थांबणार असेल तर भात चुलीवर चढवू नये. एक पोरगा मंडपात बसवावा. कीर्तनकार काल्याच्या प्रसंगाला आले की त्याने येऊन सांगावे, मग तांदूळ वैरावा. एवढे करूनही खोळंबा झालाच, तर भात गंजातच, घट्ट झाकण ठेवून, निखाऱ्यावर राहू द्यावा. उतरवून रास लावू नये. भात ६० अंशांच्या वर राहिला तर हा जंतू वाढू शकत नाही. शंभर-दोनशे रुपयांना अन्नात खुपसायचा थर्मामीटर मिळत असेल तर मंडळाने एक घेऊन ठेवावा. नसेल तर ओगराळ्याने गंजाच्या मधला भात काढून स्वच्छ बोटाने जरासा चाचपावा. बोट ठेवताच चटका बसून मागे घ्यावे लागले पाहिजे. बोट आरामात राहते म्हणजे तो कोमट झाला. कोमट झालेला भात दोन तासांच्या आत पानात पडला पाहिजे. मसालेभात, खिचडी, पुलाव यांनाही हाच नियम.

नांदेडला गुरुद्वाऱ्यातील लंगर दिवसभर चालतो. तिथे माणसे येत राहतात आणि स्वयंपाकही होत राहतो. आपल्या सप्त्यांनी हा धडा घेण्यासारखा आहे. सगळे एकदम शिजवून मोकळे व्हायची घाई हीच पुष्कळ विषबाधांच्या मुळाशी असते.

एकादशीची भगर

भाताविषयी लिहिताना भगरीला सोडून चालणार नाही, कारण नरसीची मोठी गर्दी एकादशीची आणि एकादशीला भात नसतो, भगर असते. गेल्या काही वर्षांत आपल्या भागात सर्वांत मोठ्या विषबाधा भगरीच्याच पंगतीत झाल्या आहेत. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी, एकादशीला, नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथील धार्मिक कार्यक्रमात भगर आणि आंबील यांचा प्रसाद झाला. आसपासच्या गावांचे लोक आले होते. त्यानंतर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले आणि सुमारे दोन हजार लोकांना उपचार घ्यावे लागले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, पुढच्या एकादशीला, २० फेब्रुवारी २०२४ रोजी बुलडाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे हरिनाम सप्त्यात भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन तीनशेहून अधिक लोक आजारी पडले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत. रुग्णांना बाहेर जमिनीवर झोपवून, दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगल्याची छायाचित्रे तेव्हा सगळ्या देशाने पाहिली. एका आठवड्याच्या बाजाराएवढी माणसे एका रात्रीत दवाखान्यात आली तर कोणताही ग्रामीण दवाखाना कोलमडेल.

भगरही धान्यच आहे. शिजल्यावर ती भातासारखीच मऊ, ओलसर आणि उबदार राहते, म्हणून वर भातासाठी सांगितलेले सारे तिला लागू आहे. शिवाय तिचा एक वेगळा दोष आहे. दमट हवेत भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी चटकन धरते आणि ती विषारी द्रव्ये तयार करते. दाणा बारीक असल्याने डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून अन्न व औषध प्रशासन सणावारी सांगत असते की, भगर सुटी घेऊ नका, पाकीटबंद घ्या, त्यावरची तारीख पाहा, आणि भगरीचे तयार पीठ तर घेऊच नका, कारण पीठ हवेतील ओल आणखी लवकर ओढते. पीठ लागले तर दाणे धुऊन वाळवून, लागेल तेवढेच दळावे. परतवारी ऐन आषाढात येते. त्या दिवसांत गावोगावच्या लोकांनी वर्गणीतून दिलेली, कुणाच्या कोठीत गेल्या शिवरात्रीपासून पडलेली भगर एकत्र करून शिजवणे टाळावे. दान नाकारता येत नसेल तर दात्याकडून पैसे घ्यावेत आणि भगर ताजी, एकाच ठिकाणची आणावी.

उलट्या सुरू झाल्याच तर

भातातील विषाने होणारी उलटी जेवणानंतर अर्ध्या तासापासून सहा तासांत सुरू होते. याच जंतूचा दुसरा प्रकार पोटात गेल्यावर विष करतो. त्यात सहा ते पंधरा तासांनी पोटात कळा आणि जुलाब होतात. बहुतेक माणसे दिवसभरात बरी होतात. धोका असतो तो लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर स्त्रिया यांना, मुख्यतः अंगातले पाणी कमी झाल्याने. क्वचित हे विष यकृतावरही जाते. बेल्जियममध्ये २००८ साली वीस वर्षांचा एक धडधाकट विद्यार्थी पाच दिवस स्वयंपाकघरात बाहेर राहिलेल्या शेवयांसारख्या पदार्थामुळे एका रात्रीत दगावला. त्याने तो गरम करून खाल्ला होता.

घरी पहिला उपाय जलसंजीवनी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा) घालून घोटघोट पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजावे. जुलाब बंद करण्याच्या गोळ्या मुलांना मनाने देऊ नयेत. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले किंवा उलटी थांबेचना, तर वाट न पाहता १०८ क्रमांकाला फोन करावा.

आयोजकांनी दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक पदार्थाचा एक लहान डबा वाढण्यापूर्वीच भरून, नाव लिहून, कोणाच्या तरी फ्रीजमध्ये तीन दिवस ठेवावा. आणि एकाच वेळी चार-पाच घरांतून उलट्यांची बातमी आली की प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. गावाची बदनामी होईल म्हणून उरलेले अन्न नदीत टाकणे आणि गंज घासून ठेवणे हा प्रकार मी ऐकून आहे. त्याने कारण सापडत नाही, आणि तोच आचारी, तीच भगर पुढच्या गावात जाते.

पत्रलेखकांचा शेवटचा प्रश्न उरलेल्या भाताचा होता. पंगती दोनशेच्या हिशेबाने केल्या तर मुळात उरतो कमी, कारण चौथ्या पंगतीची माणसे मोजूनच तांदूळ वैरता येतो. तरी उरलाच तर गरम असतानाच वाटून टाकावा आणि घेणाऱ्याला सांगावे की आताच खा, उद्यासाठी ठेवू नका. फ्रीजमध्ये ठेवायचा असेल तर परातीत दोन बोटे जाडीचा थर पसरून, पंख्याखाली लवकर निववून ठेवावा. गंजच्या गंज फ्रीजमध्ये ठेवला तर मधला भात सकाळपर्यंत कोमटच असतो. गुरांपुढे टोपलीभर ओतू नये. सवय नसलेल्या गाई-बैलाने शिजलेले धान्य भरपूर खाल्ले की त्याच्या पोटात आम्ल वाढते, पोट फुगते आणि जनावर दगावू शकते. कडब्यात मिसळून ओंजळ-दोन ओंजळ द्यावा, बाकीचा उकिरड्यात पुरावा.